संदर्भसूचीतल्या दोघी

येडगावच्या धरणाचं पाणी उतरायला लागलं की माझं बूड एका जागी टिकत नाही. चहा करायला उठते आणि गॅस पेटवायचाच विसरते. कॉलेजात पेपर तपासायला घेते आणि तिसऱ्या उत्तरावर येऊन खिडकीशी जाऊन उभी राहते. बाहेर बघण्यासारखं काही नसतं. कांदा भरलेले टेम्पो नारायणगावच्या दिशेनं जात असतात, पातीचा उग्र वास वर्गापर्यंत येत असतो, आणि उन्हानं पांढऱ्या पडलेल्या मैदानात एखादी स्कूटी उभी असते. घरचे म्हणतात, हिला उन्हाळा सोसत नाही. उन्हाळा मला चांगला सोसतो, आंबेगावच्या मातीत वाढलेय मी. मला सोसत नाही ती प्रबंधांची घाई.

कारण हाच मोसम प्रबंध जमा करायचा. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाची मुलं बाडं घेऊन माझ्या टेबलाभोवती गोळा होतात. आशयावर कुणाचं काही म्हणणं नसतं. प्रश्न असतात ते असे : मॅडम, डावीकडं दीड इंच सोडायचं का सव्वा? लेखकाचं आडनाव आधी का नाव आधी? पुस्तकाचं नाव तिरकं करायचं का? मराठी अक्षर तिरकं केलं की वाऱ्यात सापडल्यासारखं दिसतं, तरी ती करतात. दोनदा तोच संदर्भ आला की ‘तत्रैव’ लिहितात, आणि मधल्या पानावर दुसरा संदर्भ घुसवला की ते तत्रैव भलत्याच माणसाला जाऊन चिकटतं. मी लाल पेन घेऊन बसते आणि खेकसते. मुलांना वाटतं, वाघ मॅडमना स्वल्पविरामाचं वेड आहे. आडनावाला जागते म्हणतात, तेही ऐकलंय.

यंदा सोमवारी वैष्णवी आली. हुशार मुलगी, पण धांदरट. तिचा विषय गावातल्या स्थळनामांचा : ओढे, टेकड्या, विहिरी, वावरं. पुढच्या सोमवारी प्रबंध द्यायचा होता. तिनं चौथं प्रकरण माझ्यापुढं ठेवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“मॅडम, हे ढोबळे, अ. रा. कोण आहेत? यांचा नंबर मिळेल का कुठं? माझं सगळं प्रकरण यांच्या एका वाक्यावर उभं आहे. लायब्ररीत स्कॅन कॉपी मिळाली, पण तिला पहिली पानंच नाहीत.”

मी ओळ वाचली. वाचायची गरज नव्हती, मला ती पाठ आहे. ‘पुरुषांच्या बोलण्यात न आढळणारी शेतांची स्वतंत्र नावे स्त्रियांमध्ये प्रचलित होती, हे दोन स्वतंत्र स्रोतांतून सिद्ध होते.’

“बघते,” मी म्हणाले. “जिवंत असतील तर.”

ढोबळे, अ. रा. म्हणजे मीच. अनिता रामदास ढोबळे. लग्नानंतर स्टाफरूमच्या पाटीवर मी ‘प्रा. सौ. ए. व्ही. वाघ’ झाले, आडनाव बदललं, बापाच्या जागी नवरा आला, आणि अ चा ए कुणी केला ते मला आजतागायत माहीत नाही. वैष्णवीला हे कळण्याचं काही कारण नव्हतं. मी गप्प बसले असते तर ते कधी कुणालाच कळलं नसतं. पण ते वाक्य खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे बारा वर्षांपासून मला माहीत आहे.

बारा वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा माझ्या अंगाला अजून चिकटलेला आहे. घरी कांदा काढणी चाललेली, आई पहाटेच वावरात गेलेली, आणि मी ओसरीवर मांडी घालून, मांडीवर उशी, उशीवर उसना लॅपटॉप. घामानं बोटं चिकटायची. झेरॉक्सच्या दुकानात फाईल उघडली की मराठी अक्षरांचे चौकोन व्हायचे. दोनशे पानांत चौकोन बघून एकदा मी तिथंच दुकानाच्या पायरीवर बसून रडले होते. दुकानदारानं थंडगार पाणी दिलं आणि म्हणाला, “ताई, येवडं मनाला लावून घेऊ नका, फॉन्टच हाये तो.”

माझा विषय होता धरणात गेलेल्या वावरांची नावं. येडगावला पाणी अडवलं तेव्हा नदीकाठची काळीभोर जमीन बुडाली. सरकारी कागदावर तिला नुसते नंबर होते. पण माणसं वावराला नंबरानं कधी हाक मारतात? चिंचेचं, खळ्याचं, वाकडी पट्टी, देवाचा तुकडा. ती नावं सांगणारी माणसं म्हातारी होत चालली होती, आणि मी वही घेऊन दारोदार फिरत होते. पुरुष भरभरून बोलायचे. बायका म्हणायच्या, “आमाला काय म्हाईत, ह्यांनाच इचारा.”

एकटी लक्ष्मीमावशी बोलली. लक्ष्मीबाई भोर, तेव्हा साठीच्या आतली, हातात सतत काहीतरी काम. शेंगा फोडता फोडता म्हणाली, “बाप्ये त्याला नदीकाठचा तुकडा म्हणायचे. आमी बाया बाळंतिणीचं वावर म्हणायचो. कोणतरी बाई खुरपता खुरपता त्या बांदावर बाळंत झाली व्हती. लई जुनी गोष्ट. बांदाला उंबर व्हता, त्याच्या सावलीत. बाप्यांना ह्ये नाव ठावंच न्हाई. त्यांना सांगायचं काय त्यात?”

मी घरी येताना स्कूटीवर गात आले होते. एकाच वावराला दोन नावं! पुरुषांचं एक, बायकांचं एक! मी एक आख्खं प्रकरण त्यावर लिहिलं. माझ्या गाइड सरांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“छान आहे. पण एका बाईनं सांगितलं म्हणून? विधानाला दोन पाय हवेत. दुसरा स्वतंत्र स्रोत आणा, नाहीतर प्रकरण काढा.”

जमा करायला सहा दिवस उरले होते. मी येडगावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना परत विचारून आले. कुणी हसून विषय टाळला, कुणाला आठवेना. ज्यांना आठवलं असतं त्या गेलेल्या होत्या. मग माझी खोडदची मैत्रीण मदतीला धावली. आकाशाकडं तोंड केलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या पांढऱ्या ताटल्यांच्या गावातली ती. तिच्या शेजारी सखाराम मुळे राहायचे. त्यांच्या ट्रंकेत बहिणीची जुनी पत्रं होती. मैत्रिणीनं एका आंतरदेशीय पत्राच्या आतल्या मजकुराचा फोटो मला मोबाईलवर पाठवला. निळा कागद, शाई फिकटलेली, अक्षर शाळेतलं. ‘ती. बाबांस साष्टांग नमस्कार. आठ दिवस झाले, बाळंतिणीच्या वावरात खुरपण चालू आहे. उंबराखाली भाकरी खातो. माझी काळजी करू नये. आपली शकू.’

मी तो फोटो बोटांनी मोठा करून करून बघितला. बाळंतिणीचं वावर! उंबर! फोन करून विचारलं, शकूचं पुरं नाव काय? शकुंतला मुळे. खोडदची लेक येडगावात दिली असणार एवढं मला समजत होतं. पण खोडदच्या लेकी येडगावात काय एक दिलीय? मला दुसरा पाय मिळाला होता, आणि सहातले दोन दिवस उरले होते. आंतरदेशीय पत्राच्या पाठीमागं पाठवणाऱ्याचं नाव आणि पत्ता असतो. त्या बाजूचा फोटो मी मागितलाच नाही.

संदर्भसूची करायला बसले. भाषा तपासली, स्वल्पविराम तपासले, पूर्णविराम तपासले. आडनावांच्या अकारविल्हेनं दोघी एकाखाली एक आल्या : ‘भोर, लक्ष्मीबाई. मुलाखत, येडगाव.’ ‘मुळे, शकुंतला. खाजगी पत्र, खोडद.’ किती नेटक्या दिसत होत्या! मी त्या दोन ओळींकडे बघून हसल्याचं मला आठवतं. सरांनी सही केली. काळ्या रेक्झिनच्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं उमटली, आणि प्रबंध विद्यापीठात जमा झाला.

आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी मी एक प्रत घेऊन येडगावला गेले, मावशीला द्यायला. अंगणात एक फेटेवाले गृहस्थ बसलेले. आखितीला बहिणीला माहेरी न्यायला आलेला मुऱ्हाळी. साठीकडं झुकलेल्या बहिणीला न्यायला तेवढ्याच वयाचा भाऊ येतो, याचं मला फार कौतुक वाटलं. मी नमस्कार केला. त्यांनी घरात हाक मारली.

“शकू, आवर की गं! यस्टी जाईल.”

आणि लक्ष्मीमावशी पदरानं हात पुसत बाहेर आली.

मी उगीच विचारलं, पाव्हणं कुठले? “खोडदचा सखाराम माझा,” मावशी म्हणाली. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवऱ्यानं ‘लक्ष्मी’ लिहिलं, तेव्हापासून ती लक्ष्मी. खोडदच्या वेशीच्या आत शकू. मला हे सुचायला हवं होतं. माझ्या आईचं नाव बदललंय, माझ्या दोन्ही काकूंचं बदललंय. पुण्याच्या एखाद्या पोरीला माफ केलं असतं मी, पण मला?

मावशीनं प्रबंध मांडीवर घेतला. तिला वाचता यायचं. शेवटची पानं उलटली, बोट ठेवत ठेवत खाली आली. भोर, लक्ष्मीबाई. मान डोलावली. बोट एक ओळ खाली सरकलं आणि थांबलं. मुळे, शकुंतला. तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. तिला कळलं होतं. मला कळलंय हेही तिला कळलं होतं. भावाकडं पाठ करून तिनं ते बाड पदराखाली घेतलं आणि आत ठेवून आली.

जूनमध्ये तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, “दोन स्वतंत्र स्रोत. फार शिस्तीचं काम.” सर अभिमानानं माझ्याकडं बघत होते. तोंड उघडायची तीच जागा होती. मी थँक्यू सर म्हणाले.

तेव्हापासून मी मुलांवर खेकसते. लोकांना वाटतं, शिस्त. प्रत्येक पोराला विचारते, हे कुणी सांगितलं? त्याचं नाव काय? त्याचं दुसरं काही नाव आहे का? मुलं एकमेकांकडं बघतात. चूक लहान आहे, असं मी स्वतःला अनेकदा समजावलंय. कुणाचं घर बुडालं नाही, कुणाची नोकरी गेली नाही. कपाटात एक काळं बाड आहे आणि त्यात एक वाक्य आहे, बस्स. पण आता वैष्णवीनं ते वाक्य उचललं होतं. उद्या वैष्णवीचं कुणी उचललं की तो तिसरा स्रोत. मग चौथा. एक बाई उंबराखाली भाकरी खात बसली होती, तिचा मी मेळा करून ठेवला होता.

मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी वैष्णवीनं पुन्हा विचारलं, “ढोबळेंचा नंबर मिळाला का मॅडम?” आणि मी म्हणाले, “बोल. मीच.”

ती आधी हसली. मग सगळं ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. “म्हणजे माझं चौथं प्रकरण गेलं?”

“गेलं नाही. एका पायावर आलं.”

“मॅडम, चार दिवस राहिलेत. तुम्ही सोमवारीच का नाही सांगितलं?” तिचा आवाज चढला होता आणि चढायलाच हवा होता. मला राग आला नाही. उलट बारा वर्षांनी कुणीतरी माझ्यावर खेकसतंय याचं बरं वाटलं.

“घाबरले,” मी म्हणाले. “उद्या येडगावला जाऊ. तू चल.”

शुक्रवारी सकाळी निघालो. वैष्णवी स्कूटीवर मागं बसलेली, मांडीवर लॅपटॉपची बॅग. पाणी बरंच मागं हटलं होतं. चिखलाला भेगा पडलेल्या, मधूनच जुन्या विहिरीचं दगडी कडं वर आलेलं, काठावर कुणीतरी कलिंगडं लावलेली. मावशी आता सत्तरीला टेकलीय. पाठीत वाकलीय, पण हातात काम तसंच. लसूण सोलत होती.

मी सगळं सांगितलं. दोन नावं आहेत, त्या दोन बायका आहेत असं मी छापलंय, ते चुकीचं आहे, आता दुरुस्त करायचं. लायब्ररीतल्या माझ्या प्रबंधात शुद्धिपत्र लावायचं आणि या मुलीच्या प्रबंधात खरं लिहायचं. मावशी ऐकत होती. लसणाचं टरफल फुंकून म्हणाली, “म्हंजी एक नाव काढणार?”

“काढावं लागेल मावशी.”

“कंचं?”

मी म्हणाले, मुळे, शकुंतला. सगळ्या कागदांवर तुम्ही लक्ष्मीबाई आहात.

मावशी उठली. आत गेली, ट्रंकेचं झाकण वाजलं, आणि खताच्या गोणीच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं माझं काळं बाड घेऊन बाहेर आली. सोनेरी अक्षरं अजून जशीच्या तशी. शेवटचं पान न शोधता उघडलं. तिथं घडी मारलेली होती.

“रेशनकारडावर न्हाई, मतदानाला न्हाई, बँकेत न्हाई. सखाराम व्हता तवर तो तरी हाक मारायचा. त्यो गेला दोन सालामागं. आता ह्ये एवडंच हाय बघ.” तिनं ओळीवर बोट ठेवलं. “आन ह्येबी काढती?”

वैष्णवी खाली मान घालून बसली होती. मग मावशीलाच राग आला, आणि तो भलतीकडं वळला.

“आन एकटीनं सांगितलं तर खोटं का? त्या वावराचं नाव त्येच व्हतं. आमी चौघीजणी खुरपायला व्हतो. तिघी मेल्या. दुसरी साक्ष मी कुटनं आणू? पान्यातनं काढू?”

“खोटं नाही मावशी. फक्त सिद्ध झालं असं म्हणता येणार नाही. तुम्ही सांगितलं, असं म्हणायचं.”

“मग तसं म्हन की! मी सांगितलंच हाय.”

इतकं सोपं होतं ते. बारा वर्षं मी ज्याला भीत होते ते वाक्य तिनं लसूण सोलता सोलता दुरुस्त करून टाकलं. मला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि स्वतःचा संतापही. ‘सिद्ध होते’च्या जागी ‘सांगतात’. एवढ्यासाठी मी किती पोरांना रडवलं असेल!

वैष्णवीनं वर बघितलं. आल्यापासून पहिल्यांदाच बोलली. “मॅडम, नाव काढायची काय गरज आहे? सूचीत ‘पाहा’ असतं ना? टोपणनावाला आपण करतो तसं. मुख्य नोंद एका नावाखाली द्यायची, आणि दुसऱ्या नावापुढं लिहायचं, पाहा अमुक.” हे मीच शिकवलं होतं तिला, पहिल्या सत्रात, फळ्यावर लिहून.

“कसं ते सांग,” मावशी म्हणाली.

“आजी, दोन्ही नावं राहतील. पण माहिती एकाच नावापुढं येईल. दुसऱ्या नावापाशी कुणी आलं तर तिथं नुसतं लिहिलेलं असेल की तिकडं जाऊन बघा.”

मावशीनं लसूण खाली ठेवला. “म्हंजी एक दुसरीकडं धाडनार.”

“हां. तसंच.”

“मग कुनी कुनाला धाडायचं, ह्ये मी सांगू का?”

वैष्णवीनं माझ्याकडं बघितलं. नियमानं प्रचलित नाव मुख्य धरतात. मी आयुष्यभर तो नियम शिकवलाय. मी मान हलवली, सांगू दे.

मावशीनं सांगितलं. वैष्णवीनं तिथंच ओट्यावर मांडीवर लॅपटॉप घेतला. मी बाजूला बसून शुद्धिपत्राचा मसुदा केला, चार ओळींचा. चूक माझी, कशी झाली, खरं काय. खाली सही करताना थांबले, आणि दोन्ही आडनावं लिहिली. बाहेर ऊन चढत होतं, आणि पाण्याच्या कडेला बगळे चिखल टोचत होते. बारा उन्हाळ्यांत पहिल्यांदा मला उठून खिडकीशी जावंसं वाटलं नाही. वाटलं असतं तरी तिथं खिडकी नव्हती म्हणा.

“वाचू आजी?” वैष्णवीनं विचारलं, आणि वाचलं. “मुळे, शकुंतला, विवाहानंतर लक्ष्मीबाई भोर. मुलाखत आणि पत्र.” मग वरची ओळ. “भोर, लक्ष्मीबाई. पाहा : मुळे, शकुंतला.”

मावशी डोळे बारीक करून पडद्याजवळ सरकली. खालच्या ओळीवरून तिनं बोट फिरवलं.

“म्हंजी कुनी लक्षुमीला इचारलं, तर ती म्हननार, शकूकडं जा?”

“हो.”

“म्हनू दे,” मावशी म्हणाली. “शकूनं लई वर्सं तिच्या दारात काडली.”